मूठभर तांदूळ आणि एक फोटो: डिजिटल इमेज प्रोसेसिंगचा पाया कसा पक्का करायचा

किराणा दुकानात आपण सर्रास म्हणतो, "काका, सॉर्टेक्स द्या". पण सॉर्टेक्स ही काय कोलम, इंद्रायणीसारखी तांदळाची जात नाही, ते मशीनवरून आलेलं नाव आहे. मशीनमध्ये दाणे घसरगुंडीवरून खाली पडत असतात, कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो आणि काळा, पिवळट किंवा खडा दिसला की हवेचा बारीक झोत मारून त्याला बाजूला उडवतो. म्हणजे तुमच्या घरच्या डब्यात जो तांदूळ आहे तो इमेज प्रोसेसिंगमधून गाळून आलेला आहे, फक्त आपल्याला ते कोणी सांगितलेलं नसतं.

मी इंजिनियरिंगला हा विषय घेतला होता. पास झालो, मार्कही बरे पडले आणि खरं सांगतो, काहीही कळलं नव्हतं. हिस्टोग्राम इक्वलायझेशनचं गणित पाठ, सोबेलचे (कड शोधायच्या फिल्टरचे) आकडे पाठ, प्रॅक्टिकलची फाइल सीनियरची. पुढे कामात खरोखरचा फोटो समोर आला तेव्हा पार गांगरलो, मग एका रविवारी ओट्यावर तांदूळ पसरून कॉम्प्युटरला ते मोजायला लावायचे असं ठरवलं, आणि जे एका सेमिस्टरमध्ये झालं नाही ते त्या तीन-चार रविवारांत झालं. म्हणून हा लेख सगळा त्या एका प्रश्नाभोवतीच आहे: पाटीवर किती दाणे आहेत? बेसिकमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या प्रश्नाच्या वाटेत आडवी येते.

तयारी

काळी पाटी किंवा काळा कार्डपेपर, मूठभर तांदूळ, फोन. दाणे आधी हाताने मोजा, बरोबर १२० घ्या, आणि पसरताना मुद्दाम थोडे एकमेकांना चिकटलेले राहू द्या, दोन-चार कणी पण टाका. खिडकीजवळ ठेवून वरून सरळ फोटो काढा. एका बाजूला सावली आली तर येऊ दे, उलट हवीच आहे आपल्याला. फ्लॅश नको, पाटी चमकते.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पायथन, त्यात तीन लायब्ररी: आकड्यांच्या तक्त्यांना नमपाय, फोटोवरच्या कामांना ओपनसीव्ही आणि चित्र दाखवायला मॅटप्लॉटलिब. लॅपटॉप जुना असेल तर ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडा, काही इन्स्टॉल करायला नको, फक्त तिथे ओपनसीव्हीची फोटो दाखवायची नेहमीची विंडो उघडत नाही, मॅटप्लॉटलिबने दाखवा. गणित म्हणाल तर बारावीचं मॅट्रिक्स, सरासरी, व्हेरियन्स आणि थोडं साइन-कोसाइन. एवढ्यावर निम्म्याहून जास्त विषय होतो.

आणि हो, इंटरनेटवरचे तयार सॅम्पल फोटो वापरू नका असं मी म्हणेन. जुन्या ट्युटोरियलमध्ये तो टोपीवाल्या बाईचा लेना नावाचा फोटो हमखास असतो, तो मुळात १९७२ च्या एका पुरुषांच्या मासिकातून कापलेला, आणि आयट्रिपलई या इंजिनियरांच्या संस्थेच्या कॉम्प्युटर सोसायटीने १ एप्रिल २०२४ पासून तो रिसर्च पेपरमध्ये घेणंच बंद केलंय. पण माझं कारण वेगळं आहे, तयार फोटोवर सगळं चालतं. स्वतःच्या फोटोवर चालत नाही आणि का चालत नाही ते शोधताना विषय कळतो.

आधी आकडे बघा, चित्र नंतर

फोनचा फोटो समजा ४००० बाय ३००० चा आहे. म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकाला लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे, म्हणजे ३ कोटी ६० लाख आकडे, प्रत्येक आकडा १ बाइट. फाइल मात्र तीन-चार एमबीचीच दिसते, ती जेपेगची करामत, त्यावर खाली येतो. शिकायला एवढा मोठा नको, १००० बाय ७५० करून घ्या.

आता फोटो ग्रे करा, एका दाण्यावरून आडवी जाणारी एक ओळ पकडा आणि दहा पिक्सेलचे आकडे प्रिंट करा. मला हे मिळाले होते:

३१, २९, ३४, ८८, १७१, २०३, १९८, १६४, ७९, ३३

दोन मिनिटं नुसतं याकडे बघत बसा. काळी पाटी ० नाहीये, ३० च्या आसपास आहे, आणि तीही स्थिर नाही, ३१, २९, ३४ अशी हलतेय, हाच नॉइज. दाणा २५५ नाहीये. आणि दाण्याची कड, जी आपल्याला डोळ्याने सुरीने कापल्यासारखी वाटते, ती प्रत्यक्षात ३४, ८८, १७१ असा चढ आहे. मग ८८ वाला पिक्सेल दाण्यात धरायचा का पाटीत? पुढचा थ्रेशोल्ड (कुठल्या आकड्यावर कापायचं) आणि एज (कड) यांचा सगळा कारभार या एका प्रश्नावर उभा आहे. कॉलेजात मला कोणी दहा आकडे छापून दाखवले असते ना, तर पाठांतराची गरजच पडली नसती.

इथेच सॅम्पलिंग आणि क्वांटायझेशन उरकून घ्या. फोटो निम्मा, पाव, अष्टमांश असा लहान करत जा, जिथे एक दाणा तीन पिक्सेलचा उरतो तिथे कणी आणि अख्खा दाणा यातला फरकच मरतो, हे सॅम्पलिंग. नंतर आकार तसाच ठेवून २५६ पातळ्यांच्या १६ करा, मग ४, मग २, पाटीवरच्या हळू उतरणाऱ्या सावलीत नकाशासारखे पट्टे पडायला लागतात, ते क्वांटायझेशन. रसेल किर्श नावाच्या माणसाने १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये पहिल्यांदा फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घातला तेव्हा त्याच्या तान्ह्या मुलाचा तो फोटो १७६ बाय १७६ पिक्सेलचा होता. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीपेक्षा लहान, पण मूल ओळखू येतं.

तीन खड्डे, ज्यात प्रत्येक जण पडतो

पहिला, ओपनसीव्ही रंग उलट्या क्रमाने वाचतं, निळा-हिरवा-लाल. मॅटप्लॉटलिबला सरळ क्रम लागतो. म्हणून फोटो निळसर भुताटकीसारखा दिसला तर फोनला शिव्या देऊ नका, क्रम बदला.

दुसरा, नमपायमध्ये आधी ओळ मग स्तंभ, म्हणजे आधी वाय मग एक्स. पण ओपनसीव्हीच्या बऱ्याच फंक्शनना, उदाहरणार्थ गोल किंवा रेघ काढायला, आधी एक्स लागतो. यावर उपाय नाही, सवय करायची.

तिसरा सगळ्यात वाईट, कारण एरर येत नाही. पिक्सेल आठ बिटचा, ० ते २५५. त्याच्यात २५० अधिक १० केले तर नमपायमध्ये उत्तर ४ येतं, कारण घड्याळात ११ नंतर तीन तासांनी जसे २ वाजतात तसं २५५ नंतर परत शून्यापासून सुरू. ५० वजा ६० केलं तर २४६. ओपनसीव्हीचं स्वतःचं अ‍ॅड फंक्शन मात्र २५५ ला थांबतं. मी फोटो उजळ करायला नमपायमध्ये नुसते ६० मिळवले होते आणि सगळे पांढरेशुभ्र दाणे मधोमध काळे पडले, किडके तांदूळ असतात ना, तसेच. अर्धा दिवस मी लाइटिंगला दोष देत होतो. तेव्हा नियम करून टाका की हिशोबाआधी फ्लोटमध्ये (ज्यात उणे, दशांश, मोठे सगळे आकडे मावतात) न्यायचं, हिशोब करायचा, ० ते २५५ मध्ये छाटायचं आणि शेवटी आठ बिटमध्ये परत.

रंग, आणि अक्षतांची गंमत

ग्रे करताना तिन्ही रंगांची सरळ सरासरी घेत नाहीत. लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४, यांची बेरीज. आपला डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो म्हणून त्याचं वजन जास्त. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पण बायरची जाळी असते तिच्यात दर चार खान्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा.

आता एक प्रयोग करा, कोरड्या तांदळात थोड्या कुंकवाच्या अक्षता मिसळा आणि परत फोटो काढा. तिन्ही चॅनल, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे आकडे, वेगवेगळे ग्रेमध्ये बघा. लाल चॅनलमध्ये पांढरा दाणा आणि अक्षता दोन्ही उजळ, जवळपास सारखे. निळ्या चॅनलमध्ये पांढरे दाणे उजळ आणि अक्षता पाटीत विरघळून गायब. म्हणजे लाल चॅनलमध्ये मोजले की सगळे, निळ्यात मोजले की फक्त पांढरे, वजाबाकी केली की अक्षता. एक ओळ गणित नाही, एआय नाही, काही नाही. नवीन पोरं अशा कामाला थेट डीप लर्निंगचं मॉडेल लावायला धावतात तेव्हा मला हे दाखवावंसं वाटतं.

एचएसव्ही ही रंग लिहायची दुसरी पद्धत पण इथेच बघून घ्या, त्यात रंगाची छटा, रंगाचा गडदपणा आणि उजेड वेगळे होतात, त्यामुळे सावलीतली अक्षता पण लालच राहते. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा, छटा खरं तर ० ते ३६० अंश असते पण आठ बिटमध्ये मावत नाही म्हणून ओपनसीव्ही ती अर्धी करून ० ते १७९ ठेवतं, आणि लाल रंग या पट्टीच्या दोन्ही टोकांना येतो. एकाच टोकाची रेंज दिली की निम्म्या अक्षता सुटतात आणि माणूस डोकं धरून बसतो.

हिस्टोग्राम

कोणत्या पातळीचे किती पिक्सेल, एवढंच. आपल्या फोटोत दोन टेकड्या दिसतील, ३० च्या आसपास पाटीची मोठी आणि १९० च्या आसपास दाण्यांची छोटी. पाटीची टेकडी सावलीमुळे डावी-उजवीकडे पसरट असेल. फोटो हातात आला की पहिलं काम हिस्टोग्राम, डॉक्टर आधी नाडी बघतो तसं.

फोटो फिकट असेल तर ताणा: पिक्सेलमधून सगळ्यात लहान आकडा वजा करा, २५५ ने गुणा, मोठा वजा लहान याने भागा. लहान ४०, मोठा २०० असेल तर १२० चा पिक्सेल होतो ८० गुणिले २५५ भागिले १६०, म्हणजे १२७.५. गॅमा म्हणजे आकडा २५५ ने भागून घात घ्यायचा आणि परत २५५ ने गुणायचं, ०.५ घात घेतला तर ६४ चा साधारण १२८ होतो पण २५५ तिथेच राहतो, म्हणून अंधाऱ्या भागाला उजेड मिळतो आणि उजळ भाग फाटत नाही.

इक्वलायझेशन वहीत एकदा करा, लायब्ररीने नको. समजा ४ बाय ४ चं चित्र, पातळ्या ० ते ७, आणि १६ पिक्सेलपैकी चार पिक्सेल २ चे, आठ पिक्सेल ३ चे, चार पिक्सेल ४ चे. चढती बेरीज ४, १२, १६. प्रत्येकीला १६ ने भागून ७ ने गुणा, येतात १.७५, ५.२५, ७. राउंड करून २ चा २ च राहिला, ३ चा ५ झाला, ४ चा ७. जिथे गर्दी होती तिथे जागा वाढली, बस्स, एवढीच आयडिया. आणि आता हे आपल्या तांदळाच्या फोटोवर चालवा, सत्यानाश होईल. पाटीचेच पिक्सेल ९० टक्क्यांहून जास्त, म्हणजे गर्दी तिथे, म्हणजे पाटीवरच्या खडूच्या डागांना आणि नॉइजला सगळी जागा मिळते. पुस्तकात इक्वलायझेशनला मोठं चॅप्टर असतं म्हणून ते प्रत्येक फोटोवर लावायचं असतं असा माझा समज होता.

शेजाऱ्यांना विचारून: फिल्टर

आतापर्यंत प्रत्येक पिक्सेल एकटा होता, आता त्याचे शेजारी बघायचे. पाटीवर पीठाचा एक कण पडलाय आणि त्या ठिकाणचे नऊ पिक्सेल असे आहेत:

३०, ३२, ३१
२९, २५५, ३३
३०, ३१, ३२

सरासरी काढा: बेरीज ५०३, भागिले ९, उत्तर ५६. म्हणजे डाग गेला नाही, फिका होऊन आजूबाजूला पसरला, पुसताना शाई फासली जाते तसा. आता मीडियन, नऊ आकडे चढत्या क्रमाने लावा: २९, ३०, ३०, ३१, ३१, ३२, ३२, ३३, २५५. मधला पाचवा, ३१. डाग गायब, आणि २५५ कितीही मोठा असता तरी फरक पडला नसता. तुटक ठिपक्यांच्या नॉइजला मीडियन, आणि सगळीकडे सारखी बारीक थरथर असेल तर गॉशियन, ज्यात मधल्या पिक्सेलला जास्त मान आणि लांबच्याला कमी.

या नऊ पिक्सेलच्या चौकटीला खिडकी म्हणतात, तिचा आकार विषम का असतो तर मधला पिक्सेल मिळावा म्हणून. फोटोच्या काठावर शेजारी नसतात तिथे काय करायचं, तर बहुतेक वेळा आरशासारखे आतलेच आकडे बाहेर उलटे धरतात. आणि एक व्हायव्हाचा प्रश्न, खिडकीतली वजनं म्हणजे कर्नल, ती शेजाऱ्यांना गुणून बेरीज घेताना कन्व्होल्यूशनमध्ये कर्नल १८० अंशात फिरवतात, कोरिलेशनमध्ये नाही, ओपनसीव्हीचं फिल्टर-टूडी नावाला काही म्हणा पण करतं कोरिलेशन. सममित कर्नलला फरक पडत नाही, सोबेलला चिन्ह उलटं येतं.

कड शोधणे, आणि हरवलेली उजवी बाजू

परत ती दहा आकड्यांची ओळ घ्या. प्रत्येक ठिकाणी उजव्या शेजाऱ्यातून डावा शेजारी वजा करा. ३४ च्या जागी ८८ वजा २९, म्हणजे ५९. ८८ च्या जागी १७१ वजा ३४, म्हणजे १३७. १७१ च्या जागी ११५. दाण्याच्या मधोमध आकडा लहान होतो. आणि दुसऱ्या बाजूला उतार, १६४ च्या जागी ७९ वजा १९८, म्हणजे उणे ११९, ७९ च्या जागी उणे १३१. झालं, हा सोबेल. खरा सोबेल वर-खालच्या ओळी पण १-२-१ अशा वजनाने मिसळतो म्हणजे नॉइज जरा दबतो, पण गाभा हाच.

आता तो उणे आकडा. आउटपुट आठ बिटचं मागितलं तर ओपनसीव्ही उणे आकडे शून्य करून टाकतं, आणि चित्रात प्रत्येक दाण्याची फक्त डावी कड दिसते, उजवी नाहीच. माझे सगळे दाणे चंद्रकोरीसारखे दिसत होते. आउटपुट फ्लोटमध्ये मागा, मग अ‍ॅब्सोल्यूट घ्या. आडवा आणि उभा दोन्ही काढून वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतलं की कडेची ताकद मिळते. कॅनी हा कड शोधायचा प्रसिद्ध फिल्टर, १९८६ चा, याच्यावरच उभा आहे, कड बारीक करून एका पिक्सेलची ठेवतो आणि दोन थ्रेशोल्ड वापरतो, मोठ्याच्या वरची कड पक्की, दोन्हीच्या मधली असेल तर पक्क्या कडेला जोडलेली असली तरच घ्यायची. ओळखीने आत घेतल्यासारखं.

थ्रेशोल्ड: दाणा का पाटी?

आधी हाताने १२७ ठेवा आणि बघा. मग ओत्सू, १९७९ ची पद्धत, अजून तितकीच कामाची. ती ० ते २५५ प्रत्येक आकडा कापून बघते, दोन गट पडतात, दोन्ही गटांचं प्रमाण आणि त्यांच्या सरासरींमधल्या फरकाचा वर्ग यांचा गुणाकार करते, जिथे तो सगळ्यात मोठा तिथे कापायचं. पाच पिक्सेलवर करा, २०, ३०, ४०, २००, २१०. चाळीसच्या पुढे कापलं तर ०.६ गुणिले ०.४ गुणिले १७५ चा वर्ग, ७३५०. तीसच्या पुढे कापलं तर ०.४ गुणिले ०.६ गुणिले १२५ चा वर्ग, ३७५०. पहिलं जिंकलं, आपल्या डोळ्याला पण तेच पटतं.

ओत्सूला दोन टेकड्या नीट वेगळ्या लागतात. दाणे फोटोच्या एका कोपऱ्यातच असतील आणि बाकी सगळी पाटीच पाटी, तर छोटी टेकडी मोठीच्या पायथ्याशी हरवते, आधी क्रॉप करा. आणि खिडकीकडची पाटी जर सावलीतल्या दाण्याइतकी उजळ असेल तर अख्ख्या फोटोला एक आकडा पुरतच नाही. तिथे एकतर अडॅप्टिव्ह थ्रेशोल्ड, जो प्रत्येक भागाचा स्थानिक आकडा काढतो (ब्लॉक विषम आणि दाण्यापेक्षा चांगला मोठा ठेवा, नाहीतर दाणे आतून पोकळ होतात, मुरमुऱ्यासारखे), नाहीतर टॉप-हॅट. टॉप-हॅट मला जास्त आवडतो, पण त्यासाठी आधी खालचं वाचा.

मॉर्फोलॉजी

मॉर्फोलॉजी म्हणजे आकारांवर काम करणारं गणित. हे गणित १९६४ च्या सुमाराला पॅरिसच्या खाणकाम शिकवणाऱ्या कॉलेजात जॉर्ज माथरों आणि जाँ सेरा यांनी उभं केलं, खनिजाच्या तुकड्यांचे फोटो मोजायला. म्हणजे आपल्यासारखंच, दाणे मोजणं.

इरोजन म्हणजे पांढऱ्या आकाराची कड खरवडून काढणे, डायलेशन म्हणजे कडेला लेप देणे. आधी खरवडून मग लेप दिला तर ओपनिंग, बारीक धूळ कायमची जाते कारण खरवडल्यावर तिचं काही उरतच नाही, दाणे मात्र परत मूळ मापाला येतात. आधी लेप मग खरवड, ते क्लोजिंग, दाण्यातली भोकं बुजतात. किती खरवडायचं हे मापावर ठरतं, माझ्या फोटोत दाणा साधारण ४० पिक्सेल लांब आणि १४ रुंद, तर ३ बाय ३ ने धूळ जाते, आणि १५ बाय १५ ने दाणेच साफ होतात कारण १५ चा चौकोन दाण्यात मावतच नाही.

आता हीच चूक कामाला लावायची. ग्रे फोटोवर, थ्रेशोल्डच्या आधी, मुद्दाम ३१ बाय ३१ चं ओपनिंग करा. दाणे गायब, उरली फक्त पाटी आणि तिच्यावरची सावली. ती मूळ फोटोतून वजा करा. सावली गेली, दाणे राहिले. हाच टॉप-हॅट. यानंतर ओत्सू लावा, एक आकडा अख्ख्या फोटोला पुरतो. मला पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं, आई म्हणाली, तांदूळ उचल आता.

मोजणी

कनेक्टेड कॉम्पोनंट्स चालवा. एकमेकांना लागून असलेल्या पांढऱ्या पिक्सेलना एक नंबर मिळतो. कोपऱ्याला कोपरा टेकला तर शेजारी धरायचा का, धरला तर ८-कनेक्टिव्हिटी, नाही तर ४. ओपनसीव्ही जो आकडा देतं त्यात पाटी पण एक म्हणून मोजलेली असते, तेव्हा एक वजा करा.

पहिल्या झटक्यात मला १२० च्या जागी १०३ आले. कारण उघड आहे, चिकटलेले दाणे. क्षेत्रफळांचा हिस्टोग्राम काढा, साधा दाणा ४४० पिक्सेलच्या आसपास, आणि ८८० ला एक छोटी टेकडी, ते जुळे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ मधल्या क्षेत्रफळाने भागून राउंड करा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच काम होतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

नीट वेगळे करायचे असतील तर वॉटरशेड. वॉटरशेड म्हणजे पाणलोट, गावाकडे पाणलोटाची कामं बघितली असतील तर हे अर्ध्या मिनिटात कळेल. आधी डिस्टन्स ट्रान्सफॉर्म, प्रत्येक पांढऱ्या पिक्सेलला सगळ्यात जवळचा काळा किती लांब ते लिहा, दाण्याच्या पोटात ७ पर्यंत जाईल, दोन दाणे टेकलेत तिथल्या मानेत ३-४ च. आता हे उलटं करा, पोटं झाली खड्डे आणि मान झाली उंचवटा. प्रत्येक खड्ड्यातून पाणी चढवत जा, दोन खड्ड्यांचं पाणी जिथे भेटेल तिथे बांध घाला. तो बांध म्हणजे दोन दाण्यांमधली सीमा. अडचण अशी की लांबट दाण्याच्या पोटात छोटे-छोटे दोन-तीन खड्डे निघतात आणि एका दाण्याचे दोन होतात, म्हणून डिस्टन्सवर आधी थोडा गॉशियन मारा किंवा उथळ खड्डे सोडून द्या.

मग कणी. प्रत्येक तुकड्याला फिरता आयत बसवा, त्याची लांब बाजू म्हणजे दाण्याची लांबी. पूर्ण दाण्याच्या पाऊण लांबीपेक्षा कमी असेल तर तुकडा धरायचा. मिलीमीटरमध्ये हवं असेल तर फोटोत शेजारी पट्टी ठेवा.

फूरिये आणि जेपेग, थोडक्यात

फूरिये म्हणजे चित्र वेगवेगळ्या दाटीच्या साइन लाटांमध्ये सुटं करणं. त्याला घाबरून लोक विषय सोडतात, कारण पुस्तकात तो फार लवकर येतो. तुम्ही तो इथे, शेवटी घ्या. रात्री एलईडी ट्यूबखाली फोटो काढला की कधीकधी आडवे पट्टे येतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि फोनचा सेन्सर एकेक ओळ वाचत खाली येतो. असा पट्ट्यांचा फोटो घ्या, फूरिये काढा, शून्य फ्रिक्वेन्सी मध्ये आणा, लॉग घेऊन दाखवा (लॉग नाही घेतला तर मधला एक ठिपका आणि बाकी अंधार). पट्टे आडवे असतील तर मध्यबिंदूच्या वर आणि खाली दोन चमकदार ठिपके दिसतील. ते बुजवा, उलटा फूरिये करा, पट्टे गेले. पेपरात छापलेल्या फोटोचे ठिपके पण असेच जातात. हे एकदा हाताने केलं की मग सूत्र वाचा.

जेपेग ८ बाय ८ चे तुकडे करून प्रत्येकावर डीसीटी (फूरियेचाच भाऊ, फक्त कोसाइनवाला) लावतं आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक चढ-उतार टाकून देतं. डीसीटीवरचा १९७४ चा पेपर नासिर अहमद आणि त्यांच्या साथीदारांचा, अहमद मूळचे बंगळूरचे. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, काळा-पांढरा मास्क (थ्रेशोल्डनंतरचं ०-२५५ चं चित्र) कधीही जेपेगमध्ये सेव्ह करू नका. ० आणि २५५ ठेवलेले असतात आणि परत उघडल्यावर कडेला ३, ७, २५१ असली पिलावळ निघते. पीएनजी वापरा.

किती दिवस, आणि पुढे काय

रोज तासभर दिला तर सहा ते आठ आठवडे. निम्मा वेळ फिल्टर, थ्रेशोल्ड आणि मॉर्फोलॉजीवर घालवा. सोबत लेक्चर हवी असतील तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरच्या पी. के. बिस्वास सरांचा कोर्स फुकट आहे, जुना आहे, संथ आहे, पण थिअरी शिस्तीत होते. आधी स्वतः फोटोवर करून बघा, मग त्या भागाचं लेक्चर. प्रत्येक फिल्टर एकदा स्वतः दोन फॉर-लूप टाकून लिहा, प्रचंड स्लो चालेल, चालू दे, मग लायब्ररीच्या उत्तराशी ताडून बघा. तांदूळ झाले की स्कायकिट-इमेज या पायथनच्याच लायब्ररीमध्ये पॉम्पेईला सापडलेल्या ग्रीक नाण्यांचा फोटो येतो, त्याची पार्श्वभूमी आपल्या पाटीपेक्षा खट आहे, तो घ्या. न्यूरल नेटवर्क त्यानंतर. फोटोसाठीच्या बऱ्याच नेटवर्कमध्ये पहिल्याच थरात अशीच छोटी खिडकी फिरत असते, फक्त तिच्यातले आकडे मशीन स्वतः शोधतं.

आणि उत्तर तपासताना एकाच फोटोवर विसंबू नका, दाणे हलवून पाच फोटो काढा. माझे पाचही वेळा ११९ येत होते. मी दोन दिवस वॉटरशेडची सेटिंग बदलत बसलो, एक दाणा कुठे चिकटतोय ते सापडेना. शेवटी वैतागून पाटीवरचे दाणे परत हाताने मोजले. ११९ च होते.